डोळ्यातल्या द्रवावरून मृत्यूची वेळ कळते का? बाबांची तिथी ठरवायची आहे

केतकी_व | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

माझे बाबा गेल्या वर्षी मे महिन्यात नागपूरला गेले. आई गेल्यानंतर ते फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. मी पुण्यात. गुरुवारी रात्री साडेनऊला आमचं फोनवर बोलणं झालं. उकाडा, कूलरच्या पाण्याला येणारा वास, माझ्या मुलीचा निकाल, असं नेहमीचंच. शुक्रवारी दुपारी दीडला मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. जेवून झोपले असतील असं समजून मी सोडून दिलं. रात्री पुन्हा केला, तेव्हाही नाही. शनिवारी सकाळी शेजारच्या काकांनी किल्लीवाला आणून दार उघडलं. तेव्हा नऊ वाजले होते.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, दुपारी एकला पोस्टमॉर्टेम झालं. कारण हृदयविकार. वेळेबद्दल अहवालात एवढंच आहे: 'शवविच्छेदनापूर्वी अंदाजे २४ ते ४८ तास'.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. गुरुवारी रात्री सप्तमी होती, ती शुक्रवारी पहाटे संपली. मग शनिवारी पहाटेपर्यंत अष्टमी. तेव्हाच्या गडबडीत गुरुजींनी सापडल्याचा दिवस धरला, म्हणजे नवमी. पण अहवाल खरा असेल तर नवमी असूच शकत नाही. भाऊ म्हणतो, काय फरक पडतो? मला पडतो. मला त्यांची तिथी हवी आहे.

मृत्यूनंतर डोळ्यातल्या द्रवातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्यावरून वेळ काढता येते, असं कुठेतरी वाचलं. बाबांच्या बाबतीत तसं काही करता येईल का? कुठे अर्ज करावा लागतो?

रानजाई | सोमवार, रात्री १०.०५

केतकी, मनापासून सहवेदना. मला यातलं कळत नाही, पण इथे कळणारे आहेत. धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

न्यायवैद्यक | सोमवार, रात्री ११.३०

केतकी, मी एका वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं नंतर. आता ती तपासणी होऊ शकत नाही. तो द्रव शवविच्छेदनाच्या टेबलावरच सिरिंजने काढावा लागतो. तुमच्या बाबांचा काढला असता तर अहवालात त्याची नोंद असती. 'व्हिसेरा राखून ठेवला' असं लिहिलेलं असेल तर त्यात जठर, यकृत, मूत्रपिंड, रक्त असे नमुने येतात, डोळ्याचा द्रव सहसा नसतो. त्यामुळे अर्ज करून काही हाती लागणार नाही.

पण तुम्ही जे वाचलंत ते खरं आहे, आणि ते नीट सांगितलं तर अहवालातले २४ ते ४८ तास एवढे ऐसपैस का आहेत तेही कळेल.

बुबुळाच्या मागे भिंग असतं. भिंगापासून मागच्या पडद्यापर्यंतची पोकळी पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्यासारख्या चिकट द्रवाने भरलेली असते. आम्ही त्याला व्हिट्रिअस म्हणतो, मराठीत काचाभ द्रव. एका डोळ्यात साधारण ४ मिलिलिटर, आणि त्यातलं ९८-९९ टक्के नुसतं पाणी.

आता पोटॅशियम. पेशीच्या आत ते लिटरला सुमारे १४० मिलिमोल असतं, बाहेर रक्तात जेमतेम ३.५ ते ५. एवढा फरक आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात सूक्ष्म पंप असतात, ते अखंड ऊर्जा खर्चून सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत खेचतात. शेतातल्या विहिरीवर मोटर चालू आहे तोवर पाणी तळाशी राहतं, ती बंद पडली की झरे आपल्या गतीने विहीर भरू लागतात. मृत्यूनंतर प्राणवायू थांबतो, ऊर्जा संपते, पंप थांबतात. मग डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींमधलं पोटॅशियम पाझरत काचाभ द्रवात उतरतं. जिवंतपणी तिथे ते साधारण ५ च्या आसपास असतं. तासागणिक वाढत जातं, आणि ही वाढ चार-पाच दिवस मोजता येते.

मग रक्तातलंच का मोजत नाहीत? कारण रक्तात ते पहिल्या काही तासांतच भसाभस चढतं, त्यावरून वेळ लावता येत नाही. शिवाय कुजण्याची सुरुवात आतड्यांतल्या जंतूंपासून होते आणि ते रक्तवाहिन्यांतून पसरतात. डोळा म्हणजे स्वतंत्र, बंद डबी. तिथपर्यंत जंतू उशिरा पोचतात, म्हणून तिथली रसायनं जास्त काळ वाचता येतात.

गणिती | मंगळवार, सकाळी ७.१५

डॉक्टर, छान समजावलंत. काल रात्री उत्सुकतेने प्रसिद्ध झालेली सूत्रं काढून बसलो. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून आकडे मांडतो. तिन्हींत उत्तर तासांत येतं आणि पोटॅशियम मिलिमोल प्रति लिटरमध्ये घालायचं.

स्टर्नर, अमेरिका, १९६३: तास = ७.१४ × पोटॅशियम − ३९.१
मडेया आणि सहकारी, जर्मनी, १९८९: तास = ५.२६ × पोटॅशियम − ३०.९
मुन्योस आणि सहकारी, स्पेन, २००१: तास = ३.९२ × पोटॅशियम − १९.०४

समजा पोटॅशियम ९ आलं. स्टर्नर सांगतात २५ तास, मडेया साडेसोळा, मुन्योस सोळा. म्हणजे एकाच्या हिशेबाने माणूस काल दुपारी गेला, तर दुसऱ्याच्या हिशेबाने काल रात्री. १२ आलं तर साडेसेहेचाळीस, बत्तीस आणि अठ्ठावीस. फरक अठरा तासांवर गेला.

आणखी एक बघा. पोटॅशियम ५ घाला, जे जिवंत माणसाचं असू शकतं. स्टर्नर आणि मडेया दोघांचंही उत्तर उणे येतं. मुन्योस यांचं अर्धा तास येतं.

यातला काही भाग गणिताच्या बाजूने समजतो. जुन्या अभ्यासांत वेळ माहीत असलेले मृतदेह घेतले, आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पोटॅशियम, अशी रेषा काढली आणि मग समीकरण उलटवून वेळेचं सूत्र केलं. ठिपके एका रेषेत चोख बसत असते तर हे चाललं असतं. पण ते विखुरलेले असतात, आणि विखुरलेल्या ठिपक्यांत 'वेळेवरून पोटॅशियम' ही रेषा आणि 'पोटॅशियमवरून वेळ' ही रेषा वेगवेगळ्या निघतात. आपल्याला अंदाज वेळेचा करायचा आहे, तर पोटॅशियम आडव्या अक्षावर हवं. मुन्योस यांच्या गटाने नेमकं तेच केलं. माझ्या मते ही साधी वाटणारी दुरुस्ती या विषयातली मोठी सुधारणा आहे. पण तेवढ्याने सगळा फरक जात नाही. बाकीचं डॉक्टरांनी सांगावं.

न्यायवैद्यक | मंगळवार, दुपारी २.५०

गणिती, अक्षांची अदलाबदल इतक्या सोप्या शब्दांत मी वर्गात सांगू शकलो नव्हतो. आता तसंच सांगेन.

बाकीचा फरक शरीराचा आणि हवेचा. सगळ्यात मोठी गोष्ट तापमान. पाझरण्याचा वेग उष्णतेने वाढतो. थंड देशांत, त्यातही शीतगृहात ठेवलेल्या मृतदेहांवर बेतलेलं सूत्र मे महिन्यातल्या नागपूरला लावलं तर वेळ खऱ्यापेक्षा जास्त निघेल. तेवढंच पोटॅशियम इथे कमी तासांत जमलेलं असतं. दुसरं वय. लहान मुलांचा डोळा छोटा, पोटॅशियमला जायचं अंतर कमी, त्यामुळे आकडा लवकर चढतो. तिसरं, मृत्यूपूर्वीचा आजार. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचा सुरुवातीचा आकडाच वेगळा असू शकतो. म्हणून मडेया यांनी द्रवातला युरिया फार वाढलेली प्रकरणं बाजूला काढून हिशेब केला, तेव्हा ठिपके बरेच जवळ आले. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या झिल्ग यांच्या गटाने वय आणि तापमान दोन्ही सूत्रातच घेतलं. मला तीच दिशा बरोबर वाटते. नुसता एक आकडा घेऊन वेळ सांगण्याचे दिवस संपायला हवेत.

यात आपला स्वतःचा प्रश्न आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पाश्चात्त्य देशांत पहिल्या दिवसासाठी मुख्य आधार असतो तो शरीर थंड होण्याचा. शरीर ३७ अंशांवरून खोलीच्या तापमानाकडे उतरतं, किती उतरलं त्यावरून तास काढतात. विदर्भात मे महिन्यात खोलीतच ३८-४० अंश असतात. शरीर उतरणार कुठे? ती पद्धत तिथे हातातून जाते. मृत्यूनंतर अंगाला येणारी ताठरताही उन्हाळ्यात लवकर येते आणि लवकर जाते. पोटावरचा हिरवट डाग थंडीत दिवसभर दिसत नाही, तो इथे बारा-अठरा तासांत दिसू शकतो. म्हणूनच सावध डॉक्टर २४ ते ४८ असं रुंद लिहितो. केतकी, ते निष्काळजीपणाने लिहिलेलं नसावं. आणि म्हणूनच डोळ्यातल्या द्रवावरचा अभ्यास आपल्याकडे, आपल्या उन्हाळ्यात, आपल्या शवागारांत व्हायला हवा. एम.डी.च्या प्रबंधांसाठी विद्यार्थी हा विषय घेतात, पण प्रबंध कपाटात जातो आणि टेबलावरची पद्धत तशीच राहते.

परीक्षानळी | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

मी एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये टेक्निशियन आहे. प्रबंधाचे असे नमुने मी स्वतः लावलेले आहेत, म्हणून हाताने काय होतं ते सांगतो. सूत्रावर भांडण्याआधी नमुना बघावा, असं माझं मत.

दहा मिलिलिटरची सिरिंज, वीस नंबरची सुई. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून, पांढऱ्या भागातून सुई आत. मग अगदी हळू ओढायचं. जोर केला की पडद्याचे कण सुटून येतात. त्या पेशी पोटॅशियमने भरलेल्या, म्हणजे नमुना गेलाच. निघालेला द्रव पाण्यासारखा स्वच्छ हवा. गढूळ, लालसर, काळपट दिसला तर तो मशीनवर लावायचाच नाही. आणि निघेल तेवढा सगळा काढायचा, कारण पडद्याजवळ पोटॅशियम जास्त आणि मध्यभागी कमी असतं. एक-दोन मिली काढून थांबलात तर कुठल्या भागाचं मोजलंत ते कळणार नाही.

एक प्रसंग सांगतो. एकदा एका प्रकरणाचा आकडा इतका प्रचंड आला की मशीनच बिघडलं असं वाटलं. कंट्रोल लावले, म्हणजे ज्यांचा आकडा आधीच ठाऊक असतो असे नमुने, ते बरोबर. पुन्हा नमुना लावला, पुन्हा तेच. शेवटी नळी हातात घेऊन बघितली तर झाकण जांभळं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे ईडीटीए असतं ते पोटॅशियमचंच मीठ असतं. ज्या विद्यार्थ्याने नमुना आणला त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. बिचाऱ्याची रात्रभराची ड्युटी वाया गेली. तेव्हापासून मी शवागारात साध्या, काही न घातलेल्या नळ्या स्वतः पोचवत होतो.

द्रव चिकट असल्याने मशीनची बारीक नळी अडते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा स्वच्छ भाग घ्यायचा. पोटॅशियम मोजायला पूर्वी फ्लेम फोटोमीटर नावाची मशीनं होती, आता आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडची. दोन्हींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. जुनी सूत्रं फ्लेम फोटोमीटरच्या काळातली. गणितीसर, अर्ध्या मिलिमोलचा फरक तुमच्या पहिल्या सूत्रात साडेतीन तासांचा होतो, तो निव्वळ मशीन बदलल्याने येऊ शकतो.

रानजाई | मंगळवार, संध्याकाळी ७.०२

हे वाचताना अंगावर काटा आला. डोळ्यात सुई. नातेवाइकांना शेवटचं दर्शन घ्यायचं असतं. डोळे खोल गेलेले दिसत नाहीत का? आणि नेत्रदान करायचं असेल तर?

परीक्षानळी | मंगळवार, संध्याकाळी ७.३५

ताई, द्रव काढला की तेवढंच सलाइन किंवा पाणी त्याच सुईने आत भरतात. डोळा पुन्हा भरीव होतो, पापणी मिटली की काही कळत नाही. मी पाहिलेल्या एकाही डॉक्टरने हे केल्याशिवाय देह बाहेर सोडला नाही. आतला माणूस कोणाचा तरी असतो, हे तिथे काम करणाऱ्यांना माहीत असतं.

न्यायवैद्यक | मंगळवार, रात्री ९.१०

नेत्रदानात प्रत्यारोपणासाठी वापरतात ते समोरचं पारपटल (कॉर्निया), आणि ते साधारण सहा तासांच्या आत काढावं लागतं. काचाभ द्रव कोणाला बसवत नाहीत. म्हणजे दोन्ही गोष्टी होऊ शकतात, फक्त पोलीस, नेत्रपेढी आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांचं आधी बोलणं व्हायला हवं.

अजून एक सांगायला हवं. या द्रवाचा खात्रीचा उपयोग वेळेपेक्षा इतर गोष्टींसाठी जास्त आहे. मृत्यूनंतर त्यातली साखर कमी कमी होत जाते. त्यामुळे तरीही ती खूप जास्त सापडली, तर माणूस जाताना साखर भयंकर वाढलेली होती, हे ठामपणे सांगता येतं. सोडियम आणि युरिया दोन्ही चढलेले असतील तर शरीरातलं पाणी आटलं होतं. उष्माघाताच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे कळणं किती मोलाचं आहे! रक्त कुजताना त्यात आपोआप दारू तयार होऊ शकते. डोळ्यातल्या द्रवात तो धोका पुष्कळ कमी, म्हणून 'प्यायला होता का' या प्रश्नालाही तिथलं उत्तर जास्त विश्वासाचं.

वकील_वऱ्हाड | बुधवार, सकाळी १०.४०

कोर्टाच्या बाजूने दोन गोष्टी. तज्ज्ञाचं मत पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली यायचं, आता भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ३९ खाली येतं. ते मतच असतं. न्यायाधीश ते बाकीच्या पुराव्याशी ताडून बघतात. डॉक्टरांनी रुंद वेळ लिहिली म्हणून आम्ही वकील त्यांना उलटतपासणीत घेरतो, पण खरा अन्याय अरुंद वेळेने होतो.

कॅनडातलं उदाहरण आहे. जून १९५९, ऑन्टॅरिओ प्रांत. बारा वर्षांच्या मुलीचा खून झाला. संध्याकाळी तिला सायकलवर बसवून नेलं होतं चौदा वर्षांच्या स्टीव्हन ट्रस्कॉटने. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी जठरातलं अन्न बघून मृत्यू संध्याकाळी पावणेआठच्या आत झाला असं सांगितलं. त्या वेळेत तिच्याबरोबर तो मुलगाच होता. चौदा वर्षांच्या पोराला फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती जन्मठेपेत बदलली. तो दहा वर्षं तुरुंगात होता. २००७ मध्ये ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने त्याला दोषमुक्त केलं. जठरावरून इतकी नेमकी वेळ काढता येत नाही, हे त्या फेरसुनावणीतलं महत्त्वाचं सूत्र होतं.

जठर असो की डोळा, 'एवढ्या वाजता' असं कोणी छातीठोक म्हणालं की मला हा मुलगा आठवतो.

पंचांगवाचक | बुधवार, दुपारी १२.१५

केतकीताई, तिथीबद्दल सांगतो. तिथी धरायची ती प्राण गेला त्या वेळची, सापडल्याची नाही. ती कळण्यासारखी असेल तर नवमीचा आग्रह धरायचं कारण नाही, एका शब्दात गुरुजींना सांगा. अजिबातच कळत नसेल आणि महिना ठाऊक असेल, तर त्या महिन्याची अमावास्या धरण्याची रूढी आहे. पितृपक्षात सर्वपित्री अमावास्या आहेच. श्राद्धाचा दिवस मात्र ती तिथी अपराह्णी, म्हणजे दुपारनंतर, ज्या दिवशी असेल तो धरतात. तेव्हा सकाळी कॅलेंडरवर दिसलेली तिथी बघून दिवस ठरवू नका, पंचांग बघा.

तुमच्या भावाला काही फरक पडत नसेल, पण तुम्हाला पडतो हे पुरेसं आहे.

जुना_हवालदार | बुधवार, रात्री ८.३०

ताई, मी पोलीस खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. अकस्मात मृत्यूचे शेकड्याने पंचनामे लिहिलेत. डॉक्टरसाहेब आणि सरांनी जे लिहिलं ते शिकण्यासारखं आहे. पण वेळ बऱ्याचदा मयताच्या देहापेक्षा मयताच्या घरात सापडते. तुम्ही पुढच्या गोष्टी आठवा.

शुक्रवारचं वर्तमानपत्र दाराबाहेर होतं की आत? शनिवारचं? दुधाची पिशवी दाराला लटकलेली होती की फ्रिजमध्ये? कूलर चालू होता का, आणि टाकीत पाणी होतं का? अंगावर कपडे रात्रीचे की दिवसाचे? खरकटी भांडी किती जेवणांची? बाबा गोळ्या घेत होते का, आणि वारांची डबी होती का? मोबाईल कुठे आहे?

घाबरू नका, सावकाश आठवा. पंचनाम्याची प्रत तुम्हाला मिळाली असेल, त्यातही बघा.

केतकी_व | बुधवार, रात्री ११.५५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी अर्धा तास काही करू शकले नाही.

बाबांच्या खोलीतलं सामान आम्ही तेव्हा एका खोक्यात भरून पुण्याला आणलं. ते माळ्यावर आहे. वर्ष होत आलं, मी ते उघडलेलं नाही. आत्ता नवऱ्याने शिडी धरली आणि मी काढलं.

गोळ्यांची डबी आहे. निळी, सात वार, प्रत्येक वाराला सकाळ, दुपार, रात्र असे तीन कप्पे. मीच आणून दिली होती. बाबा दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याची भरायचे. गुरुवारचे तिन्ही कप्पे रिकामे. शुक्रवार सकाळ रिकामा. शुक्रवार दुपारमध्ये रक्तदाबाची अर्धी गोळी तशीच आहे, त्यांनी कापून ठेवलेली. शुक्रवार रात्र, शनिवार, रविवार, सगळे भरलेले.

पंचनाम्यात लिहिलंय: 'अंगात बनियन व पायजमा. कूलर चालू स्थितीत, टाकीत पाणी नाही. दाराबाहेर एक वर्तमानपत्र व एक दुधाची पिशवी.' एकच वर्तमानपत्र. म्हणजे शुक्रवारचं त्यांनी आत घेतलं होतं ना?

जुना_हवालदार | गुरुवार, सकाळी ६.४०

होय ताई. बाहेर होतं ते शनिवारचं. शुक्रवारचा पेपर आणि दूध त्यांनी स्वतः आत घेतलं, सकाळची गोळी घेतली. बाबा दुपारची गोळी किती वाजता घ्यायचे?

केतकी_व | गुरुवार, सकाळी ७.१०

जेवणानंतर लगेच. जेवण बाराला, कधी चुकलं नाही.

न्यायवैद्यक | गुरुवार, सकाळी ९.२५

केतकी, रात्रीच तुमचा प्रतिसाद वाचला, पण विचार करून लिहावं म्हणून थांबलो.

शनिवारी दुपारी एकपासून मागे मोजलं तर २४ तास म्हणजे शुक्रवार दुपारी एक. ४८ तासांची बाजू गुरुवार दुपारपर्यंत जाते, पण गुरुवारी रात्री साडेनऊला तुम्ही त्यांच्याशी बोललात, म्हणून ती तिथेच तुटते. पेपर, दूध आणि सकाळची गोळी यांमुळे गुरुवारची पूर्ण रात्र आणि शुक्रवारची पहाटही वगळली जाते. दुपारची गोळी राहिली आणि दीडच्या फोनला उत्तर नाही. अहवाल आणि घर दोन्ही शुक्रवारी सकाळ ते दुपार या पट्ट्यात एकत्र येतात.

आता उलट बाजूही तपासतो, कारण तपासली पाहिजे. डबी म्हणजे घड्याळ नव्हे. एखाद्या दिवशी माणूस गोळी विसरतो, बरं वाटत नसलं की जेवत नाही, फोन उचलत नाही. उन्हाळ्याने देहातले बदल वेगाने झाले असतील तर डॉक्टरांचे २४ तास प्रत्यक्षात अठरा-वीसही असू शकतात, म्हणजे मृत्यू शुक्रवारी संध्याकाळी. पण तुमच्या प्रश्नापुरतं बघा. अष्टमी शुक्रवारी पहाटेपासून शनिवारी पहाटेपर्यंत होती. सकाळ धरा, दुपार धरा, संध्याकाळ धरा, तिथी बदलत नाही. शनिवारी पहाटेनंतर मृत्यू झाला असता तर त्याच दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी २४ तास लिहिले नसते, इतका फरक नागपूरच्या उन्हातही टेबलावर दिसतो.

समजा, त्या दिवशी काचाभ द्रव काढला असता आणि पोटॅशियम ९ आलं असतं. गणितींच्या तीन सूत्रांपैकी एकाने तुम्हाला शुक्रवारची दुपार सांगितली असती, बाकी दोघांनी शुक्रवारची रात्र. तुमची डबी त्याहून जवळ गेली आहे.

पंचांगवाचक | गुरुवार, सकाळी १०.००

अष्टमी. निःशंक धरा.

केतकी_व | गुरुवार, दुपारी ३.३०

गुरुजींशी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अष्टमी लिहून घेतली. भावाला डबीचा फोटो पाठवला. त्याचा फोन आला, बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. तो वर्षश्राद्धाला येतोय.

खोक्यात शुक्रवारचा पेपरही आहे. चष्मा त्यातच घडी घातलेला होता, शब्दकोड्याच्या पानावर. आडवे शब्द सगळे भरलेत, उभे चार राहिलेत.

डॉक्टर, गणितीसर, काका, सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत.

परीक्षानळी | गुरुवार, रात्री ९.४५

ताई, तुमचा धागा आज आमच्या शवागारातल्या डॉक्टरांना आणि दोन्ही निवासी विद्यार्थ्यांना वाचायला दिला. एक विद्यार्थिनी या वर्षी हाच प्रबंधाचा विषय घेते आहे. तिच्यासाठी आम्ही नळीवर चिकटवायचं लेबल नव्याने केलं: मृतदेह सापडला ती वेळ, त्या जागेचं तापमान, पंखा-कूलर-एसी चालू होता का, शीतगृहात किती तास होता, द्रव कोणत्या डोळ्याचा, किती मिली, किती वाजता काढला. आणि शेवटची ओळ, जी आजवर कोणीच लिहीत नव्हतं: 'शेवटचं जिवंत कोणी, केव्हा पाहिलं'. पोलिसांकडून ती माहिती भरून आल्याशिवाय मी नमुना घेणार नाही असं सांगितलंय.

साध्या नळ्यांचं खोकं उद्या सकाळी मीच नेऊन ठेवतो.